गळक्या केबिनसाठी ज्येष्ठ नागरिक खातं मोडू का?

प्रश्न : वय ६२, सिंहगड रस्त्याला राहतो. पावणेदोन वर्षांपूर्वी भोसरीच्या एका फॅब्रिकेटरकडून पिकअपच्या हौद्यावर साडेसहा लाखांची कॅम्पर केबिन (प्रवासात राहायची खोली) बसवून घेतली. पक्कं बिल आणि तीन वर्षांची लेखी वॉरंटी आहे. नंतर दुसऱ्या कारागिराकडून छतावर दोन सोलर पॅनल आणि मागे सायकलचं स्टँड लावलं. या पावसाळ्यात छत गळलं, आतला प्लाय फुगला. फॅब्रिकेटर म्हणतो, भोकं तुम्ही पाडलीत, वॉरंटी संपली. दुरुस्तीचे ९० हजार मागतो, किंवा जुनी केबिन घेऊन वर चार लाखांत नवी देतो. १५ लाखांचं ज्येष्ठ नागरिक बचत खातं दीड वर्षापूर्वी उघडलंय, घरखर्च त्याच्या व्याजावर चालतो. ते मोडून नवी घेऊ का?

उत्तर : नका मोडू. या खात्यातून हवे तेवढेच चार लाख काढता येत नाहीत, खातं पूर्ण बंद करावं लागतं. एक वर्षानंतर पण दोन वर्षांच्या आत बंद केलं तर ठेवीतून दीड टक्का, म्हणजे २२,५०० रुपये कापले जातात. ८.२ टक्क्यांनी तुम्हाला आज दर तिमाहीला ३०,७५० रुपये मिळतात. कापलेली रक्कम आणि चार लाख वजा जाता उरलेले १०,७७,५०० पुन्हा त्याच दराने गुंतवले असं धरलं तरी हातात सुमारे २२,०९० येतील. ज्या पैशावर घरात किराणा येतो तिथून दर तिमाहीला सुमारे ८,६६० कमी होणं, ही मला या व्यवहारातली सगळ्यात काळजीची गोष्ट वाटते.

शिवाय नवी केबिन त्याच हातांची, त्याच पद्धतीच्या सांध्यांची असणार. पहिली का गळली हे कळल्याशिवाय दुसरीवर पैसे कशाला घालायचे?

म्हणून आधी पाणी कुठून शिरतं ते शोधा. तुमच्या फोटोत फुगवटा ड्रायव्हरच्या टपावर येणाऱ्या भागाच्या उजव्या कोपऱ्यात आहे आणि पॅनलचे ब्रॅकेट मागच्या अर्ध्यात. एवढ्यावरून निकाल लागत नाही, कारण पाणी छताच्या पट्ट्यांवरून बरंच लांब वाहत जातं. उघडीप मिळाली की ब्रॅकेट प्लास्टिक आणि टेपने पूर्ण झाका. मग बागेच्या पाइपने, जोर न लावता, खालून वर जा : आधी खिडकीची खालची कड, मग कोपऱ्याचा सांधा, छत सगळ्यात शेवटी. प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं. आत कुणीतरी टॉर्च घेऊन बसावं आणि व्हिडिओ काढावा. ब्रॅकेट झाकलेले असताना कोपरा पाझरला तर तो दोष बांधणीचा, तुमच्या भोकांशी त्याचा संबंध नाही. कोपरा कोरडा राहिला आणि टेप काढल्यावर गळलं, तर ते काम दुसऱ्या कारागिराचं, आणि तो खर्च फॅब्रिकेटरच्या माथी मारणं योग्य नाही.

कोपऱ्यातलं सीलंटही नखाने उचलून बघा. चांगला कारागीर पत्रा कोपऱ्यावर दुमडून आत सीलंट भरतो. वरून नुसती सिलिकॉनची रेघ ओढलेली असेल तर ती सालीसारखी सुटून येईल.

एका बाबतीत फॅब्रिकेटरची बाजू खरी असू शकते : वजन. पाण्याची टाकी १०० लिटरची असेल तर तेवढेच किलो वाढतात, आणि सायकलस्टँड मागच्या चाकांच्याही मागे लटकतं. ताम्हिणीसारख्या घाटात ओव्हरलोड गाडीची चासी पिळवटते आणि केबिनचे सांधे उघडतात. सगळं सामान भरून वजनकाट्यावर जा, आकडा आरसीवरच्या कमाल वजनाशी ताडून पावती जपून ठेवा. केबिन आरसीवर आणि विमा पॉलिसीत नोंदली आहे का, हेही याच आठवड्यात तपासा. नोंद नसेल तर अपघाताच्या क्लेमला अडचण येईल, आणि ते नुकसान गळतीपेक्षा कितीतरी मोठं असेल.

चाचणीत दोष बांधणीचा निघाला तर तटस्थ सर्व्हेयरकडून लेखी अहवाल घ्या. त्याची फी चार लाखांपुढे किरकोळ आहे. अहवाल जोडून फॅब्रिकेटरला स्पीड पोस्टाने पत्र पाठवून मोफत दुरुस्ती मागा. दाद दिली नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, मग पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. पाच ते दहा लाखांच्या खरेदीसाठी फी २०० रुपये आहे, वकील सक्तीचा नाही, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं मुदत असते. पण मला वाटतं, व्हिडिओ समोर ठेवला की बहुतेक तडजोड होईल.

दोष तुमच्या बाजूचा निघाला, तर ९० हजारांना हो म्हणण्याआधी दुसऱ्या दोघांकडून दुरुस्तीचे कोटेशन घ्या. ती रक्कम सहा-आठ महिन्यांत पेन्शन किंवा इतर बचतीतून उभी राहत असेल तर तोवर छतावर ताडपत्री टाकून गाडी आडोशाला लावा.

आणि दुरुस्ती कुणीही केली तरी पॅनलचे ब्रॅकेट त्याच्याच हातून पुन्हा बसवून घ्या, आणि बिलावर त्या भोकांसकट छताची वॉरंटी लिहून घ्या.