पीजी वर्षाचं डिपॉझिट भरण्याआधी कोअर युनिट मोजा

तुम्ही लिहिलंय: मुलगा अमेरिकेत सीनियर इयरला (बारावीला), लॅक्रॉस खेळतो, कोअर जीपीए (इंग्रजी, गणित, विज्ञान अशा मुख्य विषयांची सरासरी) २.१५, जूनमध्ये हायस्कूल ग्रॅज्युएट होणार. शाळेचं काउन्सेलिंग ऑफिस म्हणतंय, पुढे वर्षभर प्रेप स्कूलमध्ये (कॉलेजची तयारी करून घेणाऱ्या खाजगी शाळेत) पीजी, म्हणजे बारावीनंतरचं जादा शालेय वर्ष, केलं की ग्रेड सुधारतील आणि डिव्हिजन १ चा, म्हणजे कॉलेज खेळांतल्या सर्वांत वरच्या गटाचा, रस्ता मोकळा होईल. अगदी हेच वाक्य आमच्या घरीही एका ऑफिसने ऐकवलं होतं, आणि त्यापायी आमची वर्षभराची फी गेली. म्हणून जरा लांबलचक लिहिते. शाळा कशी निवडायची, अर्ज कसा करायचा हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरते.

डिव्हिजन १ साठी एनसीएएचं (कॉलेज खेळांचे नियम ठरवणाऱ्या संघटनेचं) घड्याळ नववीत प्रवेश घेतला की सुरू होतं. शाळा बदला, वर्ग पुन्हा करा, ते थांबत नाही. १६ कोअर युनिट (वर्षभराचा एक मुख्य विषय म्हणजे एक युनिट) नववीपासूनच्या चार वर्षांतलीच धरतात. वेळेवर ग्रॅज्युएट झालेल्या मुलाला पुढच्या एका वर्षात एकच कोअर युनिट वाढवता येतं. पीजीत त्याने पाच विषयांत ए मिळवले, तरी डिव्हिजन १ च्या हिशेबात त्यातला एकच येतो. काउन्सेलिंगवाल्यांना हे माहीत नसतं असं नाही, ते विचारतच नाहीत. त्यांचं काम डिप्लोमा हातात दिला की संपतं.

आता तुमचं गणित. एका विषयातल्या डीच्या (१ गुण) जागी ए (४ गुण) आला तर १६ युनिटांत ३ गुण वाढतात, म्हणजे जीपीएत साधारण ०.१९. २.१५ चे २.३४ होतात आणि डिव्हिजन १ ची २.३ ची अट पार होते. पण सीनियर इयर सुरू होण्याआधी १० कोअर युनिट पूर्ण लागतात, त्यातली ७ इंग्रजी, गणित, विज्ञानाची, आणि त्या दहांच्या ग्रेड नंतर सुधारता येत नाहीत. डी त्या दहांत अडकला असेल तर तो विषय पुन्हा करून उपयोग नाही. तेव्हापर्यंत दहापेक्षा जास्त युनिट झाली असतील तर डी बाहेर राहिलेला असू शकतो. हे आजच तपासा.

विषय पूर्ण वर्षाचा घ्या, कारण सेमिस्टरचा कोर्स अर्धंच युनिट देतो. प्रेप स्कूलचा सहा आकडी कोड एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरच्या (खेळाडूंची अर्हता तपासणाऱ्या विभागाच्या) साइटवर टाकून तो कोर्स मंजूर यादीत त्याच नावाने आहे ना ते पाहा. पीजी मुलांना दिलेले काही इलेक्टिव्ह यादीत नसतात.

आणखी एक अडचण: वर्षभराच्या कोर्सची ग्रेड येते जूनमध्ये, कोच निर्णय घेतो त्याच्या बराच आधी. २.० ते २.२९९ मध्ये मुलगा अकॅडेमिक रेडशर्ट ठरतो, म्हणजे स्कॉलरशिप मिळू शकते, पण पहिल्या वर्षी सामने नाहीत. एनसीएएविरुद्धच्या हाउस खटल्यात झालेला समझोता स्वीकारलेल्या कॉलेजांत पुरुष लॅक्रॉसचा रोस्टर (संघातल्या खेळाडूंची यादी) ४८ वर थांबतो, शिवाय ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) तयार खेळाडू मिळतात. अशात खेळू न शकणाऱ्या मुलासाठी जागा अडवणारे कोच थोडेच, असं माझं मत.

माझं ऐकाल तर डिव्हिजन २ कडे कमीपणाने बघू नका. तिथे अट २.२ ची आहे आणि कॉलेजला पूर्णवेळ प्रवेश घेईपर्यंतचे सगळे कोअर कोर्स धरतात, त्यामुळे पीजीतले ए खरोखर कामी येतात. डिव्हिजन ३ मध्ये खेळासाठी स्कॉलरशिप नाही, अर्हता कॉलेजच ठरवतं, आणि चांगलं पीजी वर्ष अॅडमिशन ऑफिसला दिसतं. अंगात ताकद येणं, नवा व्हिडिओ, ओळखीचा कोच, एवढ्यासाठीच पीजी घेत असाल तर जरूर घ्या. पण बऱ्याच बोर्डिंग स्कूलची फी ७०,००० डॉलरच्या वर आहे, आणि न्यू इंग्लंडमधल्या जुन्या शाळा मदत देतात ती घरची गरज पाहून.

धाकटी टेनिस खेळते असंही लिहिलंय. टेनिसमध्ये हायस्कूल ग्रॅज्युएशननंतर कॉलेजला प्रवेश न घेता खेळायची सवलत सहा महिन्यांचीच, त्यानंतर स्पर्धा खेळल्या तर कॉलेजात खेळायचा एक सीझन वजा होतो. तिच्यासाठी पीजीचा विचार आत्ताच सोडा.

मी वकील नाही, नियमही बदलत असतात, म्हणून चालू वर्षाचा मजकूर स्वतः वाचा. ज्या कॉलेजचा कोच रस दाखवतोय त्याच्या कम्प्लायन्स ऑफिसला (एनसीएएचे नियम पाळले जातात ना ते पाहणाऱ्या ऑफिसला) ट्रान्सक्रिप्ट पाठवून दोन प्रश्न लेखी विचारा: कोणती दहा युनिट लॉक झाली, आणि पीजीत घ्यायचा नेमका कोर्स धरला जाईल का. बऱ्याच प्रेप स्कूलना १० एप्रिलपर्यंत होकार लागतो. उत्तर त्याआधी आलं नाही तर शाळेकडे मुदतवाढ मागा, डिपॉझिट भरू नका.