इटलीत सिसिलीजवळच्या एओलियन बेटांवर शिडाच्या बोटीने आठवडा: आठ जणांचा ग्रुप, निम्म्यांना पोहता येत नाही. जमेल का?

जमेल. पोहण्याचं फार मनावर घेऊ नका. लाइफ जॅकेट घालायचं, बोट चालू असताना कडेला उभं राहून सेल्फी काढायचे नाहीत आणि रात्री एकट्याने डेकवर फिरायचं नाही, एवढं पाळलं की पुरे. मी लिहायला बसले ती तुमच्या प्रश्नातल्या शेवटच्या ओळीमुळे: 'बाकी काही झालं नाही तरी चालेल, पण स्ट्रॉम्बोलीचा ज्वालामुखी रात्री बोटीतून बघायचाच आहे, बोट चालवणाऱ्या स्किपरकडून तसं आधीच लिहून घेता येईल का?'

नाही घेता येत. आणि कोणी लिहून देत असेल तर त्याच्या बोटीत बसू नका.

आम्हीही चार जोडपी होतो, नवऱ्याच्या कॉलेजचा ग्रुप. सिसिलीतल्या पोर्तोरोझाहून बोट घेतली, शनिवार ते शनिवार. वुल्कानो आणि सालिना ही बेटं करून पानारेआ बेटावर पोहोचलो. तिथून स्ट्रॉम्बोली समोर दिसतो, समुद्रातून सरळ वर आलेला काळा सुळका, डोक्यावर धूर. दुपारी निघायचं, अंधार पडताना शारा देल फुओकोसमोर थांबायचं, असं ठरलेलं. शारा म्हणजे ज्या उतारावरून तापलेले दगड गडगडत समुद्रात येतात ती डोंगराची पूर्ण मोकळी बाजू. जेवणं आटोपली आणि स्किपरने फोनवर वाऱ्याचा अंदाज बघून सांगितलं, आज नाही. रात्री माएस्त्राले वारा उठणार, आपण लिपारी बेटावर जातोय.

माएस्त्राले वायव्येकडून येतो आणि शारा नेमकी वायव्येलाच तोंड करून आहे. बरं, स्ट्रॉम्बोलीला आपल्यासारख्या बोटींना आडोसा मिळेल असं बंदरच नाही. गावासमोर काळ्या वाळूचा किनारा, आणि तळ इतका झपाट्याने खोल जातो की नांगर धरला तर धरला. लाटा डोंगराला वळसा घालून तिथेही पोहोचतात. हे सगळं त्याने नकाशा उघडून, शांतपणे, मोडक्यातोडक्या इंग्रजीत समजावलं. सिसिलीचाच मुलगा, आमच्यापेक्षा वीस-एक वर्षांनी लहान.

आमच्या ग्रुपचा खजिनदार उसळला. "पैसे मोजलेत आम्ही. हा ड्रायव्हर आहे, याने आपल्याला विचारायचं, आपण याला नाही." हे मराठीत, पण सूर कुठल्याही भाषेत कळतो. बाकीचे पाण्याकडे बघत बसले. मग मी बोलले. माझे काका हर्णैला तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे कप्तान होते. बोटीचा मालक कोणीही असो, एकदा बंदर सुटलं की तांडेलाचा शब्द चालतो, आणि तो नको म्हणाला तर मालकही घरी जाऊन झोपतो. नारळी पौर्णिमा होईपर्यंत बोट पाण्यात न घालणारी माणसं भित्री नसतात. मी हे जरा वरच्या आवाजात सांगितलं, हे खरं.

लिपारीला गेलो. पिन्यातारोच्या धक्क्याला लागलो आणि रात्रभर डोलकाठीच्या तारा शिट्ट्या मारत होत्या. सकाळी हायड्रोफॉइल, म्हणजे बेटांना जोडणाऱ्या वेगवान प्रवासी बोटी, रद्द. खजिनदाराचं म्हणणं आजही असं की हायड्रोफॉइल जराशा लाटांनी रद्द होतात, त्यावरून काही सिद्ध होत नाही. हायड्रोफॉइलबद्दल त्याचं बरोबर आहे. पण शाराच्या समोर, काळोखात, वारा अंगावर घेऊन आठ हौशे, त्यातले दोघे आधीच उलट्या करून आडवे, याला मी जराशा लाटा म्हणणार नाही. समुद्र शांत व्हायला दोन दिवस गेले, तोवर बोट परत करायची वेळ आली. स्ट्रॉम्बोली राहिला तो राहिलाच. दिवाळीला भेटलो की विषय अजून निघतो, आणि तो अजून 'त्या पोराने आपल्याला फसवलं'वरच असतो.

तो डोंगर काही दिवाळीच्या अनारासारखा आपल्यासाठी लावलेला नाही. 30 डिसेंबर 2002 ला शाराचा मोठा भाग समुद्रात कोसळला आणि त्सुनामी गावात शिरली. 3 जुलै 2019 ला मोठा स्फोट झाला, त्यात एक गिर्यारोहक गेला. पुढच्याच महिन्यात पुन्हा तसाच स्फोट. त्यानंतर 924 मीटरच्या शिखरावर जाणं बंद झालं. वाटाड्याशिवाय 290 मीटरपर्यंत आणि वाटाड्याबरोबर 400 मीटरपर्यंत, असा नियम आला. आपला सह्याद्रीही लाव्ह्याचाच, पण तो सहा कोटींहून जास्त वर्षांपूर्वी निवालाय, म्हणून आपण त्यावर भजी खातो.

आता तुमचे बाकीचे प्रश्न. 'चार केबिन, आठ माणसं' हा हिशेब चुकलाय, कारण स्किपर झोपणार कुठे? त्याला वेगळी केबिन द्या किंवा नाळेतली, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकातली, अरुंद खोली असलेली बोट घ्या. बिचाऱ्याला बैठकीच्या बाकावर झोपवून सकाळी त्याच्याकडून तरतरीत निर्णयांची अपेक्षा करू नका. त्याचं जेवण ग्रुपच्या सामायिक खर्चातून असतं, ही रीतच आहे. (आमच्याकडे यावरूनही कुरबुर झाली. कोणाची, ते सांगायला नको.) भाड्याशिवाय स्किपरचा रोज, डिझेल, शेवटची साफसफाई, मरीनाचं रात्रीचं भाडं आणि कार्डावर अडकून राहणारं डिपॉझिट धरा. दर महिन्यागणिक बदलतात, ऑगस्टमध्ये सगळ्यात चढे. तुम्ही सप्टेंबर म्हणताय ते उत्तम, पाणीही कोमट असतं.

शाकाहारी दोघांचे हाल होणार नाहीत. वांगं, टोमॅटो, सालिनाचे केपर (एका झुडपाच्या खारवलेल्या कळ्या), पाव. केपर मिठातले असतात, धुऊन घ्या. छोटा कुकर न्या, पोहे न्या. पाण्याची टाकी मर्यादित असते, भांडी आधी समुद्राच्या पाण्याने. संडासात कागद टाकायचा नाही, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगा, नाहीतर तो पंप कोण उघडणार यावरून मैत्र्या तुटतात. कडक सूटकेस ठेवायला जागा नसते, मऊ बॅगा. मळमळीची गोळी निघण्याआधी. वुल्कानोला बायकांनी जोडवी-पैंजण काढून ठेवावीत, गंधकाच्या वाफांनी चांदी काळी पडते. माझी पडली, चिंच लावून निघाली.

वुल्कानोचं विवर चढायला तासभर लागतो, पण 2021 मध्ये तिथे वायू वाढले होते आणि वाट बंद केली होती, तेव्हा जाण्याआधी त्या वेळचा आदेश बघा. स्ट्रॉम्बोलीच्या मर्यादाही ज्वालामुखीच्या मनःस्थितीनुसार बदलतात, मी वर दिलेले आकडे डोळे मिटून धरू नका. आणि हो, सगळेच स्किपर शहाणे असतात असं नाही. पहिल्या दिवशी लाइफ जॅकेट, अग्निशामक, वायरलेस न दाखवता जो थेट बिअर उघडतो, त्याच्याबद्दल कंपनीला लगेच फोन करा.

ॲडव्हान्स भरण्याआधी ग्रुपवर एकच ओळ टाका: वारा बघून स्किपर जे ठरवेल ते फायनल. कोण होकाराचा अंगठा टाकतो आणि कोण 'पण आपण पैसे देतोय ना' लिहितो, बघा. त्या दुसऱ्याला सिसिलीतल्या मिलाझ्झोहून हायड्रोफॉइलचं तिकीट आणि स्ट्रॉम्बोली गावात दोन रात्रींची खोली काढून द्या. त्याला ज्वालामुखी दिसण्याची शक्यता तुमच्यापेक्षा जास्तच आहे.