वाचकांचे प्रश्न : सवलतीतील पेटी, मिरजेचा तंबोरा आणि दुकानातील बैठक

श्रावण सरत आला की सांगलीच्या बाजारपेठेतील वाद्यांच्या दुकानांवर सवलतीचे फलक लागतात आणि आमच्याकडे येणारी पत्रेही वाढतात. या वेळी आलेल्या पत्रांपैकी पाच निवडली आहेत. चार घेणाऱ्यांची आहेत, एक विकणाऱ्याचे आहे.

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची असून गेले सहा महिने ती क्लासमध्ये पेटी शिकत आहे. गणपतीनिमित्त एका दुकानात पेट्यांवर 20 टक्के सवलत आहे. ती आताच घ्यावी की दिवाळीपर्यंत थांबावे? दुकानदार ‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणून स्केल चेंजर पेटी घेण्याचा आग्रह करतात. — एक पालक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे. दिवाळीला सवलत अधिक मिळेल म्हणून नव्हे, तर हवेसाठी. पेटी लाकूड, चामडे, कापड आणि पितळी सूर यांची बनलेली असते. दमट हवेत लाकूड फुगते, पट्ट्या एकमेकींना घासू लागतात आणि दाबलेली पट्टी लवकर वर येत नाही. नीट न मुरलेल्या लाकडाची पेटी पावसाळ्यात जोडली गेली असेल, तर आपल्याकडच्या मार्च-एप्रिलच्या कोरड्या उन्हात तिच्या सांध्यांना फटी पडतात आणि भात्यातली हवा निसटू लागते. दसऱ्यानंतर हवा कोरडी होऊ लागते, आणि त्या दिवसांत तासभर वाजवून पाहिलेल्या पेटीचे गुणदोष पुष्कळसे समजतात.

मी स्वतः विद्यार्थिदशेत एका दुकानाच्या पावसाळी सवलतीत तबल्याची जोडी घेतली होती. दुकानात ती गोड बोलली. दिवाळीच्या सुमारास मात्र तबल्याच्या खोडाला वरपासून खालपर्यंत बारीक चीर गेली, चामड्याच्या वाद्या कितीही ओढल्या तरी पुडी (वरचे कातडे) सुरात चढेना, आणि दुकानात गेल्यावर ‘सवलतीतला माल परत घेत नाही’ एवढेच उत्तर मिळाले. वाचलेल्या पैशांपेक्षा त्या वर्षी बुडालेला रियाज मला आजही अधिक सलतो, आणि म्हणूनच हे इतके ठासून लिहितो.

पेटी पाहताना प्रथम सर्व खटके (हवेची वाट उघडणाऱ्या-मिटणाऱ्या पुढच्या खुंट्या) बंद करून भाता पूर्ण भरावा. तो काही काळ गच्च राहिला पाहिजे. हात थांबताच ढिला पडत गेला, तर हवा कुठून तरी जात आहे. मग एकच खटका उघडून खर्जापासून तार सप्तकापर्यंत एकेक पट्टी अगदी हळू दाबावी. कोणता सूर उशिरा बोलतो, कोणती पट्टी शेजारच्या पट्टीला घेऊन खाली जाते, पट्टी न दाबताही एखादा सूर गुणगुणत राहतो का, हे त्यातून कळते. एखादा सूर मुका निघाला म्हणून लगेच पेटी नाकारू नये. जाणता कारागीर झाकण उघडतो, पितळी जिभेखालून पातळ कागदाची पट्टी अलगद सरकवून अडकलेला कण काढतो आणि सूर लगेच बोलू लागतो. हे काम आपल्या समोर करून दाखवणारा माणूस दुकानात असेल, तर त्याचे मोल मी 20 टक्क्यांहून अधिक मानतो. सवलत थोडी कमी द्या, पण पहिल्या वर्षात दोन वेळा सूर मिळवून द्या आणि तसे बिलावर लिहा, असे अवश्य सांगावे. चांगला दुकानदार याला नाही म्हणत नाही.

स्केल चेंजर नऊ वर्षांच्या मुलीला नको. त्यात गाण्याचा मूळ सूर बदलण्यासाठी पट्ट्यांची संपूर्ण चौकट सरकते. त्यामुळे पेटी जड होते, किंमत वाढते आणि बिघडण्याच्या जागाही वाढतात. शिकणाऱ्या मुलाला दोन सुरांची (प्रत्येक पट्टीला दोन पितळी जिभा असलेली), साडेतीन सप्तकांची साधी पेटी पुरते, आणि क्लासच्या बाई किंवा सर ज्या पट्टीत शिकवतात त्या पट्टीत ती स्वच्छ बोलली म्हणजे झाले. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा साधारणपणे एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर अशा दोन सत्रांत होतात. या सत्रात मुलीला बसवायचे असेल आणि घरी वाद्य नसेल, तर दोन महिने पेटी भाड्याने घ्यावी.

प्रश्न : मी तासगावला राहते आणि गायनाच्या विशारदची तयारी करते आहे. ‘अस्सल मिरज तंबोरा, सवलतीत’ अशी जाहिरात पाहिली. भौगोलिक मानांकन मिळाल्यामुळे आता अस्सल वाद्य ओळखणे सोपे झाले आहे का? — एक विद्यार्थिनी

उत्तर : आपण तासगावला राहता, म्हणजे मिरज आपल्या अंगणातच आहे. तंबोरा जाहिरातीवरून घेण्याची आपल्याला काहीच गरज नाही.

एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातील फरीदसाहेब सतारमेकर यांनी मिरजेत हे काम सुरू केले, आणि त्यांच्या वंशजांनी व शिष्यांनी ते टिकवले. अब्दुल करीम खाँसाहेबांसारखा सुरांचा वेडा गवई या गावात राहिला, हेही कारागिरांच्या कानांना वळण लावणारे ठरले असावे, असे मला वाटते. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे मिरजेचे नाव अन्यत्र बनवलेल्या वाद्याला लावण्यावर कायद्याने बंधन येते. परंतु वाद्य कोणत्या गावचे, एवढेच मानांकन सांगते. आपल्या गळ्याला ते जुळेल की नाही, हे आपल्यालाच बसून ऐकावे लागते.

भोपळे बहुतांशी पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतात. भोपळ्याला आतून भेग किंवा जोड नाही, दांडी सरळ आहे आणि दांडी-भोपळा जोडणारा गुलू पक्का बसला आहे, हे पाहावे. तबलीवर (भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर) बोटाने हलकेच वाजवून सगळीकडे सारखा नाद येतो का, हे ऐकावे. आपण काळी चार किंवा पांढरी पाच अशा उंच पट्टीत गात असाल, तर काळी एक या खालच्या पट्टीसाठी बांधलेला मोठा पुरुषी तंबोरा स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नये. तारा चढवून तो तिथवर नेता येतो, पण त्याचा भरदारपणा जातो आणि दांडीवर ताण येतो.

जवारी (घोडीवर तार टेकते त्या जागेची घडण, जिच्यामुळे तार गुंजते) मात्र आपल्या समोरच लावून घ्यावी. कारागीर घोडीवर कानस दोन वेळा फिरवतो, तार बसवतो, छेडतो, कान लावतो, तार पुन्हा उचलतो. मग तारेखालचा दोरा केसभर पुढे-मागे सरकवतो, आणि एका क्षणी आतापर्यंत बंद असलेली तार खुलून गांधार सांगू लागते. हे काम अर्ध्या तासाचेही असते आणि अर्ध्या दिवसाचेही. सवलतीच्या गर्दीत त्याला उसंत मिळत नाही. शिवाय चपड्याचे पॉलिश दमट हवेत पांढरट पडते, तेव्हा आता मागणी नोंदवून वाद्य थंडीत ताब्यात घेणे उत्तम. आपल्या गुरूंना सोबत न्यावे.

प्रश्न : सवलतीत घेतलेल्या गिटारची मान वाकडी निघाली. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असे बिलावर छापले आहे. काही करता येईल का? — एक वाचक, कुपवाड

उत्तर : करता येईल. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष वस्तू बिलावर नमूद केलेल्या मुदतीत, आणि मुदत नमूद नसेल तर 30 दिवसांत, परत घेण्यास व पैसे परत करण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणे हीदेखील तशीच. वस्तू सवलतीत घेतली म्हणून हा हक्क जात नाही. बिल, वाकलेल्या मानेचे बाजूने काढलेले छायाचित्र आणि एक लेखी अर्ज घेऊन आधी दुकानात जावे. बहुतेक वेळा तिथेच निकाल लागतो. न लागल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. मात्र गिटार उन्हात किंवा बंद मोटारीत ठेवल्याने मान वाकली असेल, तर तो दोष दुकानाचा नाही, हेही प्रामाणिकपणे तपासावे.

प्रश्न : आजोबांची पेटी 2019 च्या महापुरात आमच्या घरात दोन दिवस पाण्यात होती. तेव्हापासून ती माळ्यावर आहे. एका दुकानाच्या ‘जुने द्या, नवे घ्या’ योजनेत तिचे 1,000 रुपये मिळतील असे सांगितले. देऊन टाकावी का? — एक वाचक, गावभाग, सांगली

उत्तर : पेटी उघडून आतले सूर पाहिल्याशिवाय देऊ नये, ही कळकळीची विनंती.

त्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या पाण्याने गावभागात काय काय नेले, हे आपल्याला सांगायला नको. पुरात बुडालेल्या पेटीचा भाता जातो, सरस सुटतो, लाकूड वाकते, चामडे कुजते. पितळी सूर मात्र गाळ व गंज काढल्यावर पुष्कळदा वाचतात. जुन्या पेट्यांत जर्मनीहून आलेले जुबिलेट किंवा पॅरिसचे कासरिएल बनावटीचे सूर बसवलेले असत. आज ते नव्याने मिळत नाहीत आणि पेटीवादक त्यांच्यासाठी पदरमोड करतात. असे सूर आपल्या पेटीत असतीलच असे नाही. पण असतील, तर 1,000 रुपये ही त्यांची किंमत नव्हे. योजना राबवणाऱ्याला दोष देण्याचेही कारण नाही; तो बहुधा लाकडी खोके पाहून आकडा सांगतो.

पेटी आधी माळ्यावरून खाली आणावी, सावलीत हवेशीर ठेवावी, उन्हात तापवू नये आणि घरी भाता ओढून पाहू नये. मिरज किंवा सांगलीतील पेटी दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून सूर तपासून घ्यावेत. सूर चांगले निघाल्यास ते नव्या सांगाड्यात बसवता येतात. खर्च कदाचित नव्या साध्या पेटीइतका येईल, पण आजोबांच्या बोटांखाली बोललेले सूर घरात पुन्हा बोलतील.

प्रश्न : माझे वाद्यांचे छोटे दुकान आहे. गेल्या वर्षापासून महिन्यातून एकदा दुकानातच संध्याकाळी गाण्याचा कार्यक्रम ठेवतो. चहा-नाश्त्यासह चांगला खर्च होतो, गर्दी होते, परंतु दुसऱ्या दिवशी दुकान रिकामेच. हे बंद करावे का? — एक दुकानदार, सांगली

उत्तर : बंद करू नये, त्याचे रूप बदलावे.

आपण कार्यक्रम ठेवता तेव्हा लोक श्रोते म्हणून येतात, आणि श्रोत्यांना या जिल्ह्यात कार्यक्रमांची वाण नाही. मिरजेत मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणारा संगीतोत्सव आणि अंबाबाई मंदिरातील नवरात्राचा संगीत महोत्सव आहे, आणि सांगली तर नाट्यपंढरीच आहे. जे तिथे मिळते तेच छोट्या प्रमाणात देण्याने दुकानाचे वेगळेपण दिसत नाही. दुकानात बसायला चाळीस माणसांची जागा असेल, तर तिथे असे काही घडावे, जे मोठ्या मंडपात घडू शकत नाही. वाद्याला हात लागणे, हे ते.

दोन महिन्यांतून एकदा गाणे ठेवावे आणि मधल्या महिन्यात ‘दुरुस्तीचा रविवार’ ठेवावा. लोकांनी माळ्यावरची पेटी, ढिला तबला, तार तुटलेला तंबोरा घेऊन यावे. कारागिराने सर्वांसमोर बसून वाद्य तपासावे, खर्च सांगावा आणि किरकोळ काम तिथेच करून द्यावे. हातोडीने तबल्याचा गजरा (पुडीच्या कडेची चामडी वेणी) ठोकत एकेक घर सुरात कसे आणतात, हे वर्षानुवर्षे तबला ऐकणाऱ्या अनेकांनी तीन फुटांवरून कधी पाहिलेले नसते. त्या दिवशी कानाला सूर लागलेला मुलगा महिन्याभरात आईवडिलांना घेऊन परत येतो. वरच्या पत्रातील गावभागच्या वाचकांसारख्या कितीतरी घरांना अशा दिवसाची गरज आहे.

वर्षाची आखणी इथल्या लोकांच्या वाद्यवापरावरून करावी. आषाढी वारीला दिंड्या निघण्याआधी भजनी मंडळांना पखवाजाची पुडी, टाळांच्या दोऱ्या, वीणेच्या तारा हव्या असतात. त्या पंधरवड्यात पखवाजाला कणीक किती आणि कशी लावावी, हे जाणत्या वादकाकडून दाखवावे. गुरुपौर्णिमेला क्लासच्या मुलांना दुकानात वाजवू द्यावे. परीक्षांच्या आधी सूर मिळवून देण्याची सवलत ठेवावी. नव्या वाद्यांवरची सवलत दसरा ते दिवाळीचा पाडवा एवढीच ठेवावी आणि ती खरी असावी. आधी किंमत वाढवून मग ती कमी करून दाखवली, तर सांगलीसारख्या गावात ते आठवडाभरात सर्वांना कळते.

गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला मानधन अवश्य द्यावे, ते नाश्त्याच्या खर्चातून काढावे लागले तरी. तरुण कलाकाराला ‘व्यासपीठ मिळते आहे’ म्हणून फुकट बोलावण्याची आपल्याकडची सवय मला फार टोचते. जो त्याच्या श्रमाचे पैसे देत नाही, त्याने त्याला तंबोरा विकण्याची अपेक्षाही करू नये. चाळीस माणसांसाठी ध्वनिक्षेपक लागत नाही. तो टाळला की परवानगीचा, रात्री दहाच्या मर्यादेचा आणि शेजाऱ्यांच्या तक्रारीचा प्रश्न उरत नाही, आणि तंबोऱ्याची आस लोकांच्या थेट कानांपर्यंत जाते.

येत्या महिन्यात पहिला दुरुस्तीचा रविवार ठेवावा, आणि कोणती वाद्ये आली व त्यांना काय काय झाले होते, हे एका वहीत लिहून ठेवावे. पुढच्या वर्षी सुटे भाग किती आणावेत, हे ती वहीच आपल्याला सांगेल.