एकच युनिव्हर्सिटी एका रँकिंगमध्ये पन्नासच्या आसपास आणि दुसऱ्यात शंभराच्याही खाली, असं कसं?

कारण प्रत्येकजण वेगळंच काहीतरी मोजतो. जगभरातल्या युनिव्हर्सिट्यांचं शांघाय रँकिंग २००३ पासून निघतंय, त्यात माजी विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी मिळवलेली नोबेल आणि फील्ड्स मेडल्स (गणितातला सर्वोच्च मानला जाणारा सन्मान) यांनाच मिळून ३० टक्के वजन आहे, बाकी बहुतेक सगळं रिसर्च पेपर आणि सायटेशन (त्या पेपरचा इतरांनी दिलेला संदर्भ). म्हणजे वर्गात शिकवतात कसं हे त्यात जवळजवळ येतच नाही!

क्यूएस या ब्रिटिश कंपनीच्या रँकिंगचं उलट, तिथे सर्व्हे पाठवून जगभरातल्या प्राध्यापकांना विचारतात की तुमच्या विषयात चांगल्या संस्था कुठल्या, आणि त्या एका उत्तराला ३० टक्के, वर कंपन्यांच्या मताला १५, म्हणजे जवळपास निम्मे मार्क नावलौकिकाचेच झाले की, आणि नाव तर जुन्या, मोठ्या संस्थांचंच आधी आठवतं ना.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स बघा, क्यूएसमध्ये पन्नासच्या आसपास असते आणि शांघायमध्ये शंभराच्या बरीच खाली, कारण या संस्थेत विज्ञानाच्या लॅबच नाहीत. मग ती वाईट झाली का? अजिबात नाही.

अजून एक, क्यूएसने २०२४ च्या आवृत्तीत वजनं बदलली, प्राध्यापकांचं मत ४० वरून ३० वर आणलं, सस्टेनेबिलिटी (पर्यावरण आणि समाजासाठी संस्था काय करते) नवीन घातली. त्यामुळे त्या वर्षीच्या नंबरची आधीच्या वर्षाशी तुलना करून कोण वर गेलं कोण घसरलं म्हणणं मला तरी चुकीचं वाटतं. अ‍ॅडमिशनसाठी बघत असाल तर एकूण नंबर सोडा, तुमच्या विषयाचं रँकिंग उघडा आणि प्रत्येक निकषाचा स्कोअर वेगळा वाचा.