कोंबडीखाली काढलेल्या बदकाच्या पिल्लांचे पाय फाकतात, बेंबी ओली आहे, मान मागे जाते. काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: परभणीजवळच्या खेड्यात खुडूक कोंबडीखाली बदकाची अंडी बसवली, पाच पिल्लं निघाली, आज तिसरा दिवस. एकाचे दोन्ही पाय बाजूला घसरतात, एकाच्या बेंबीवर ओली गाठ आहे, एक मान मागे टाकतं. खोक्यात वर्तमानपत्र अंथरलंय आणि खायला ज्वारीच्या कण्या व थोडं बॉयलरचं खाद्य आहे.

आधी ते वर्तमानपत्र काढा, बाकीचं नंतर वाचा. कागद ओला झाला की गुळगुळीत होतो आणि चाळीस-पन्नास ग्रॅमच्या पिल्लाला त्यावर पाय रोवता येत नाही. दोन दिवस असंच घसरत राहिलं की मांडीचे स्नायू सैल पडतात. त्याजागी जुना टॉवेल किंवा जाळीदार रबरी मॅट टाका. गोणपाट टाकायचं असेल तर सुटे धागे कापून, कारण त्यात नखं अडकतात. चौथ्या-पाचव्या दिवसानंतर सुताराकडचा रंध्याचा जाड किस चालेल. करवतीचा बारीक भुसा नको, पिल्लं तो खातात. भुईमुगाची टरफलं फुकट मिळतात खरी, पण ओली झाली की त्यांना बुरशी लवकर लागते. ती बुरशी फुप्फुसात गेली की पिल्लू चोच उघडी ठेवून धापा टाकतं आणि त्यावर घरी करण्यासारखं काही नाही.

आता फाकलेले पाय. तिसऱ्या दिवशी हे बहुतेकदा सुधारतं, आठवड्यानंतर फारसं नाही, म्हणून आजच करा. मेडिकलमधून कागदी मायक्रोपोर पट्टी आणा आणि एक सेंटिमीटर रुंदीची फीत कापा. एकाने पिल्लू उताणं न करता मुठीत धरायचं, पाय खाली लोंबू द्यायचे. फीत घोट्याच्या गाठीखाली आणि पंज्याच्या वर, नडगीभोवती एकदा गुंडाळायची, दुसऱ्या पायाकडे न्यायची, तिथे गुंडाळून परत आणायची. इंग्रजी आठचा (8) आकडा आडवा केला की जसा दिसतो, तशी. दोन पायांमधलं अंतर अडीच सेंटिमीटर ठेवा, म्हणजे पाय बरोबर कमरेखाली येतात. मधल्या भागात चिकट बाजू चिकट बाजूला लावा, नाहीतर सगळा कचरा तिथे गोळा होतो. पहिला तासभर पिल्लू तोंडावर पडेल, ओरडेल, पडू द्या. बारा तासांनी पंजा बघा. सुजला किंवा निळसर झाला तर पट्टी आवळली आहे, सोडून पुन्हा बांधा. तीन-चार दिवसांत काढायची. या काळात पाण्याच्या भांड्यात खडे भरून ठेवा. पाय बांधलेलं पिल्लू दोन बोटं पाण्यातही बुडतं.

पायाचं दुखणं कोणत्या वयात दिसलं यावर सगळं अवलंबून आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांतलं बहुतेकदा जमिनीचं असतं. सातव्या ते पंधराव्या दिवसाच्या दरम्यान आधी नीट चालणारं पिल्लू घोट्यावर बसायला लागलं, घोटा सुजला, पाय धनुष्यासारखे वाकले, तर ते खाद्यातलं आहे. कमी पडतं ते नायसिन, म्हणजे ब जीवनसत्त्वातला एक प्रकार. तुमच्याकडे ते दुखणं अजून झालेलं नाही, पण कण्या अशाच चालू राहिल्या तर पाचही पिल्लांना होऊ शकतं.

कारण असं. कोंबडीचं पिल्लू आहारातल्या प्रथिनापासून थोडंफार नायसिन स्वतः बनवतं, बदकाच्या पिल्लाला ते फारसं जमत नाही. त्याला किलोभर खाद्यात साधारण ५५ मिलिग्रॅम लागतं, कोंबडीच्या पिल्लाला त्याच्या जवळपास निम्मं पुरतं. आणि आपल्याकडची ज्वारी या बाबतीत कच्ची. दख्खनच्या पठारावर फक्त ज्वारीवर जगणाऱ्या माणसांना नायसिनच्या कमतरतेचा पेलाग्रा व्हायचा, त्यावर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत बरंच काम झालं आहे. मक्यातलं नायसिन तर बांधलेल्या रूपात असतं, पोटात सुटत नाही. म्हणजे कण्या किंवा भरडलेला मका हे वरचं खाणं झालं, मुख्य खाद्य नव्हे.

मुख्य खाद्य २० ते २२ टक्के प्रथिनाचं स्टार्टर क्रम्बल (लहान पिल्लांसाठीचं भरड चुऱ्याचं खाद्य) असू द्या, पाणी शिंपडून ओलसर केलेलं. बॉयलरच्या खाद्याच्या पोत्यावरचं लेबल वाचा. त्यात बहुतेकदा कॉक्सीची (कोंबड्यांच्या रक्ती हगवणीची) औषधं मिसळलेली असतात आणि ती कोंबडीच्या खाण्याच्या हिशोबाने. बदक जास्त खातं, म्हणून औषधही जास्त पोटात जातं. बिनऔषधी पोतं मिळालं तर तेच घ्या. त्यात किलोमागे ५० ग्रॅम ब्रूअर्स यीस्ट (बिअर बनवताना उरणारं, वाळवलेलं मृत यीस्ट) मिसळा. बेकरीचं कोरडं यीस्ट मात्र नको, ते जिवंत असतं आणि पोटात फसफसतं. ब्रूअर्स यीस्ट मिळालं नाही तर पाण्यातून द्या: लिटरला ४० मिलिग्रॅम नायसिन किंवा नायसिनामाइड. बी-कॉम्प्लेक्सच्या सिरपवर ५ मिलीत १५ मिलिग्रॅम लिहिलं असेल, तर लिटरला १५ मिली पुरे. पिल्लू आधीच लंगडत असेल तर १०० ते १५० मिलिग्रॅमपर्यंत जा, पण तेव्हा साधी गोळी कुटून घाला, एवढं सिरप पाण्यात ओतलं की पाणी नुसतं चिकट होतं. कोलेस्टेरॉलसाठी मिळणारी, हळूहळू विरघळणारी गोळी घेऊ नका. पाणी रोज बदला. फरक दोन-चार दिवसांत दिसतो. घोटा सुजून पाय बाहेर वळला असेल आणि मागची शीर हाडावरून सरकली असेल, तर मात्र नुसत्या जीवनसत्त्वाने ती जागेवर येत नाही.

कुणीतरी सांगेलच की शेंगदाण्याच्या पेंडीत नायसिन भरपूर असतं. असतं. पण दमट जागेत ठेवलेल्या पेंडीत अफ्लाटॉक्सिन नावाचं बुरशीचं विष तयार होतं आणि त्याला सगळ्यात लवकर बळी पडणाऱ्या पाखरांत बदकाचं पिल्लू आहे. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीमुळे लाखभर टर्की मेल्या, त्यातून हे विष उजेडात आलं. बदकाची पिल्लंही तेव्हा मेली होती. पावसाळ्यात साठवलेली पेंड किंवा काळपट मका पिल्लांना नकोच.

बेंबीचं. गाठ लहान, कोरडी होत चाललेली आणि बिनवासाची असेल तर तो पोटात न गेलेला बलक आहे. त्याला ओढू नका, कापू नका, लोंबणारा धागाही तोडू नका, आतडं त्याच्याशी जोडलेलं असतं. पोव्हिडोन आयोडीनचा ५ टक्क्यांचा बोळा दिवसातून दोनदा टेकवा आणि पिल्लू वेगळ्या स्वच्छ फडक्यावर ठेवा. बाकीची पिल्लं तिथेच टोचतात. पोट फुगून मऊ लागलं, बेंबीभोवती निळसर झालं आणि कुजका वास आला, तर जंतू आत गेलेत. त्याला पशुवैद्याकडून अँटिबायोटिक लागेल आणि तरीही वाचेलच असं नाही. पुढच्या वेळी शेण लागलेली अंडी कोंबडीखाली बसवू नका. हा जंतुसंसर्ग बहुतेकदा तिथूनच येतो.

मान मागे टाकणारं पिल्लू दोन प्रकारे बघा. एकच आहे, हाताने खाऊ घातलं तर खातं, मान हळूहळू वळते: मार लागलेला असू शकतो किंवा ई आणि ब जीवनसत्त्वाची कमतरता. ४०० युनिटची ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल टाचणीने टोचून रोज एक-दोन थेंब खाद्यावर, सोबत वरचं बी-कॉम्प्लेक्स आणि उकडलेल्या अंड्याचा कुस्करा. आठवडा लागतो. पाणी पाजताना ड्रॉपरचा थेंब चोचीच्या कडेला सोडा, ते स्वतः गिळेल. तोंडात पिचकारी मारलीत तर पाणी श्वासनळीत जाईल. दुसरा प्रकार वाईट: धडधाकट पिल्लं अचानक आडवी होतात, पाय मारतात, मान पाठीला टेकवून तासाभरात मरतात, एकामागून एक. हा बदकांचा विषाणूजन्य यकृतदाह असू शकतो. घरगुती उपचारात वेळ घालवू नका.

उष्णतेबाबत पुस्तकातला आकडा पहिल्या आठवड्यात ३२ ते ३३ अंश आणि पुढे दर आठवड्याला तीन अंश कमी. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यात पत्र्याखाली दुपारी याहून कितीतरी जास्त असतं, त्यामुळे दिवसा बल्ब बंदच. पिल्लं पंख दूर धरून चोच उघडून बसली तर गरम होतंय, एकमेकांवर चढली तर गार. थंडीतल्या रात्री ६० वॅटचा पिवळा बल्ब खोक्याच्या एका टोकाला लावा, म्हणजे नको असेल तेव्हा पिल्लू लांब जाऊ शकेल. वीज गेली तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवा.

पाणी चोचीवरच्या नाकपुड्या बुडतील एवढं खोल हवं, नाहीतर नाक चोंदतं आणि डोळे चिकटतात. चिकटलेला डोळा उकळून गार केलेल्या पाव लिटर पाण्यात अर्धा छोटा चमचा मीठ घालून पुसा. पोहायला मात्र महिनाभर एकटं सोडू नका. आईच्या पिसांचं तेल या पिल्लांना मिळालेलं नाही, आणि कोंबडीला त्यांनी पाण्यात जावं की नाही याचा पत्ताच नसतो. हाताळल्यावर साबणाने हात धुवा, मुलांनाही सांगा, बदकं साल्मोनेला नावाचे जुलाबाचे जंतू बाळगतात.

दोनपेक्षा जास्त पिल्लं एका दिवसात गेली तर १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनवर फोन करा किंवा परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्या; लातूरकडच्यांना उदगीरचं जवळ. मेलेलं पिल्लू प्लास्टिक पिशवीत बांधून बर्फावर ठेवून न्या, सोबत मूठभर तेच खाद्य. फ्रीजरमध्ये गोठवू नका, गोठलेल्या यकृतातून तपासणाऱ्याला नीट काही दिसत नाही.