“तिने यायलाच हवं”

“ती मला विसरेल हो.” समुपदेशक म्हणून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आता फोनवर भेटीची वेळ ठरवतानाच ओळखू येतं. घटस्फोट झालेला असतो, मूल परदेशात एका पालकाकडे आणि दुसरा पालक इथे पुण्यात, नाशकात. कधी तो बाबा असतो, कधी आई.

त्यातल्या एकाची गोष्ट, ओळखीच्या खुणा बदलून सांगते. त्यांना श्रीकांत म्हणू. मुलगी आठ वर्षांची, आईबरोबर न्यू जर्सीत. सलग दोन उन्हाळे आईने तिला भारतात पाठवायला नकार दिला होता. श्रीकांत जाडजूड फाईल घेऊनच आले.

“या जुलैत तिने यायलाच हवं. बाप आहे मी तिचा.”

“आणि नाही आली तर?”

“तर संपलंच सगळं.”

दोन्ही वाक्यं मी कागदावर लिहिली आणि त्यातल्या ‘च’भोवती गोल काढले. ‘असंच व्हायला हवं’ या हट्टातून माणूस स्वतःला त्रास करून घेतो, असं सांगणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी दाखवलेल्या वाटेने मी इतकी वर्षं काम करते आहे, आणि हा ‘च’ मला दर वेळी सापडतो. लेकीला भेटायची ओढ कितीही तीव्र असो, ती माणसाला वाट शोधायला लावते. त्या ओढीचा हट्ट झाला, की समोरचा माणूस दिसेनासा होतो.

चौथ्या भेटीत मी विचारलं, “मुलीची आई नाही का म्हणते?”

“सूड, दुसरं काय!”

“तिच्या वकिलांचं पत्र मोठ्याने वाचा बरं.”

पत्रात होतं, की मुलांना परस्पर दुसऱ्या देशात नेणं किंवा ठेवून घेणं यासंबंधीच्या १९८०च्या हेग करारात भारत सामील नाही, त्यामुळे मूल परत आलं नाही तर आईला त्या कराराचा आधार मिळणार नाही. हे पत्र त्यांनी वीसदा वाचलं असेल. त्या दिवशी मात्र मध्येच थांबले.

“म्हणजे... घाबरलीय ती?”

मी गप्प राहिले. खाली रस्त्यावर एक बस थांबून निघून गेली, इतका वेळ.

“आणि मी दर मेलमध्ये लिहितो, एकदा येऊ दे, मग बघतो.” त्यांनी चष्मा काढला. “तिने ते कसं वाचलं असेल?”

त्या क्षणी मी काही शिकवलं असतं, तर तो वाया गेला असता. गप्प राहण्याची ती जागा ओळखता आली, याचं समाधान मला आजही आहे.

पुढचं काम सोपं नव्हतं, पण दिशा मिळाली. असे पालक आले, की आता मी त्यांना हेच सांगते. पहिल्यांदा तुम्ही जा. पर्यटक व्हिसाला वेळ लागतो, म्हणून सुटीच्या कितीतरी आधी अर्ज करा. मूल इकडे यायचं असेल, तर परतीची तारीख लेखी द्या आणि दोन्ही देशांच्या न्यायालयांतून एकसारखा आदेश मिळेल का, हे वकिलांना विचारा. ते त्याला मिरर ऑर्डर म्हणतात. आणि भेटीची वाट बघत बसू नका. यशिता साहू खटल्यात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने दूर राहणाऱ्या पालकाला मुलाशी रोज ५ ते १० मिनिटं बोलता यावं, असं म्हटलं आहे. रविवारच्या तासाभराच्या उलटतपासणीपेक्षा ही दहा मिनिटं फार मोलाची. “माझी आठवण येते का?” हे मात्र विचारू नका. उत्तराचं ओझं मुलावर पडतं. “आईला विचार, कधी पाठवतेस” हा निरोपही नको.

श्रीकांत जुलैत दहा दिवस तिकडे जाऊन आले. मुलगी अजून इकडे आलेली नाही, दोन्हीकडचे वकील मसुद्यावर बोलताहेत. रोज संध्याकाळी पाचला, तिकडे सकाळी साडेसातला, फोनवर बोलता बोलता ती शाळेत जायच्या आधी दूध-सीरियल खाते आणि हे चहा घेतात. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी सुटी असूनही ती वेळेवर उठली होती. म्हणाली, “बाबा, आज रात्री आमचं घड्याळ मागे जाणार. उद्यापासून तू सहाला फोन कर, नाहीतर मी झोपलेली असेन.”