पेशीतले कॅल्शियम : ठिपके का दिसतात?

प्रश्न : फ्लुओ-४ एएम हे कॅल्शियमला बांधले की चमकणारे रंगद्रव्य वापरून जिवंत पेशींतले कॅल्शियम पाहतो. पेशीभर सारखी चमक येण्याऐवजी ठिपके दिसतात आणि अर्ध्या तासात प्रकाश मंदावतो. काय चुकते?

उत्तर : ही दोन वेगळी दुखणी आहेत. 'एएम' हा एस्टर गट रंगद्रव्याला पटलातून आत नेतो. आत एस्टरेज विकरे तो तोडतात आणि मगच रेणू कॅल्शियमला बांधतो. ३७ अंशांवर फार वेळ ठेवले, तर तो पेशीच्या अंगकांतही (आतल्या पटलबंद कप्प्यांत) शिरतो. ठिपके बहुधा तेच. म्हणून खोलीच्या तापमानाला ३० मिनिटे पेशींत रंगद्रव्य भरा, पेशी धुवा आणि एस्टर पूर्ण तुटायला आणखी ३० मिनिटे द्या. हा दुसरा अर्धा तास घाईत गाळला जातो, तसे करू नका.

रंगद्रव्याची ५० मायक्रोग्रॅमची कुपी ४५ मायक्रोलिटर कोरड्या डीएमएसओ या द्रावकात विरघळवली, की सुमारे १ मिलिमोलर द्रावण होते. १ मिलिलिटर बफरला त्यातले ३ मायक्रोलिटर आणि २० टक्के प्लुरॉनिक एफ-१२७ चा (रंगद्रव्य पाण्यात पसरवणाऱ्या सौम्य डिटर्जंटचा) १ मायक्रोलिटर पुरे. प्लुरॉनिक नसेल, तर रंगद्रव्याच्या गुठळ्या होतात, त्याही ठिपक्यांसारख्याच दिसतात. भरताना सीरम नको. त्यातली विकरे एस्टर बाहेरच तोडतात.

मंदावण्याचे कारण रंगद्रव्याची पेशीबाहेर गळती असू शकते : ती रोखणारे प्रोबेनेसिड १ ते २.५ मिलिमोलर घालून पाहा. फरक पडला नाही, तर प्रकाशाने रंगद्रव्य विटत असेल, लेझर कमी करा.

शेवटी आयोनोमायसिनने (ते कॅल्शियम पेशीत शिरू देते) कमाल आणि ईजीटीएने (ते कॅल्शियम बांधून ठेवते) किमान चमक नोंदवा. फ्लुओ-४ एकाच तरंगलांबीवर मोजतात, त्यामुळे या नोंदींशिवाय दोन पेशींच्या चमकेची तुलना फसवी ठरते.